देशी झाडांचे वाङ्मय : काही विचार

मृगाचा पाऊस स्थिरावला की गावोगावी रोपे वाटण्याची लगबग सुरू होते. शाळा, महिला मंडळे, युवक मंडळे, पतपेढ्या, धर्मग्रामातील संघटना असे सारेच हौसेने त्यात उतरतात. या उत्साहाच्या जोडीला गेल्या काही वर्षांत एक नवा आग्रह आला आहे. नुसती झाडे लावून भागत नाही, ती या मातीतली असावीत, असे म्हणणारी निसर्गमंडळे महाराष्ट्रात आणि गोव्यात जागोजाग काम करू लागली आहेत. रविवारी सकाळी पंधरावीस माणसे एखाद्या रानवाटेने हिंडतात, झाडे ओळखतात, उन्हाळ्यात बिया गोळा करतात, आषाढ-श्रावणात रानभाज्यांचे प्रदर्शन मांडतात. हे करता करता ती लिहितातही. पुस्तिका, तक्ते, स्मरणिकांतील लेख, खोडापाशी रोवलेल्या पाट्या असे एक लहानसे वाङ्मय त्यातून साचले आहे.

या वाङ्मयाची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. हेतू चांगला असला की लेखनाची चिकित्सा करणे असभ्यपणाचे वाटते. आमचे मत थोडे निराळे आहे. ज्या लेखनावर विसंबून एखादे कुटुंब आपल्या परसात खड्डा खणते, ते लेखन कादंबरीपेक्षा अधिक काळजीने तपासले पाहिजे. कादंबरी फसली तर एक दुपार वाया जाते. झाड चुकले तर ते तीस वर्षे अंगणात उभे राहते. म्हणून आमच्या हाती आलेल्या अशा काही पुस्तिका आम्ही सलग वाचल्या. त्यांतून जे वाटले ते येथे मांडीत आहोत. कोणत्याही मंडळाचे नाव घेण्याचे कारण नाही. गुण आणि दोष बव्हंशी सर्वांचे सारखेच आहेत.

या लेखनाची वंशावळ शोधू गेल्यास ती मुंबईत सापडते. १८८३ साली आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत सहा युरोपीय होते व दोन एतद्देशीय : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आजच्या निसर्गमंडळांचे हे पूर्वज. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू आणि वॉल्टर मिलार्ड या दोघांचे 'काही सुंदर भारतीय वृक्ष' अशा अर्थाच्या शीर्षकाचे इंग्रजी पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. फादर ब्लॅटर त्यापूर्वीच, १९३४ साली, निवर्तले होते. पुस्तक आजही देखणे वाटते. त्यात बहावा आहे, ताम्हण आहे, पळस आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला मादागास्करचा गुलमोहोर आणि दक्षिण अमेरिकेचा जॅकरांडाही बसला आहे. येथे बहरते ते भारतीय आणि डोळ्यांना सुखावते ते लावण्याजोगे, असा त्या काळचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबाला आज नावे ठेवण्यात हशील नाही. पण आपल्या शहरांच्या रस्त्यांवर जे वृक्ष उभे राहिले ते बरेचसे याच हिशेबाने, हे विसरता येत नाही.

दुसरा हिशेब त्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयात मांडला गेला. फादर ब्लॅटर यांच्या नावाने ओळखला जाणारा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह तेथे आहे. त्या परंपरेत फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव वाढले. ते स्पेनमध्ये १९०३ साली जन्मले आणि १९७० साली मुंबईत वारले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ सालचा. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कंदीलपुष्पाच्या एका जातीला त्यांचे नाव दिलेले आहे. खंडाळ्यावरच्या ग्रंथासारखा ग्रंथ विशेषणांच्या बळावर लिहिता येत नाही. कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात, फुलावर की फळावर, हे प्रत्यक्ष चालून पाहावे लागते. सुंदर कोणते, हा प्रश्न तेथे बाजूला पडतो. येथे काय आहे, हा पुढे येतो. आजच्या देशी झाडांच्या चळवळीचे बीज आमच्या मते या दुसऱ्या प्रश्नात आहे. सर्वसामान्य वाचकांसाठीही फादर सांतापाव यांनी नेहमीच्या आढळातल्या वृक्षांवर एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले. नॅशनल बुक ट्रस्टने ते १९६६ साली काढले. पंडिताने साध्या माणसासाठी लिहावे, हा त्यातला वस्तुपाठ आहे.

आता आजच्या पुस्तिकांकडे वळू. त्यांचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. शोभेची झाडे म्हणजेच झाडे, ही समजूत त्यांनी मोडली. काटेसावर, पांगारा, करंज, उंडी, भेंड, वावळ, कळंब, सुरंगी ही नावे शहरात वाढलेल्या मुलांच्या तोंडी आली, ती या मंडळींमुळे. राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प जाहीर झाला, तेव्हा 'किती' या आकड्याच्या गजरात 'कोणती' हा प्रश्न लावून धरणारी माणसेही बहुधा याच मंडळांतली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढल्यावर अनेक धर्मग्रामांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू झाले. तेथे रोपे निवडताना या पुस्तिकाच हाताशी होत्या, याचा आम्हांस आनंद वाटतो.

दोष सुरू होतो तो 'देशी' या शब्दापाशी. बहुतेक पुस्तिकांत झाडांच्या दोन याद्या असतात : देशी आणि विदेशी. पहिलीतली लावा, दुसरीतली टाळा. याद्या सोप्या असतात म्हणून त्या चालतात. पण विचारी वाचक पहिल्याच पानावर अडखळतो. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. देवळांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला देवचाफा मध्य अमेरिकेचा. काजू, पेरू, पपई, अननस, मिरची ही सारी अमेरिका खंडातून आली. त्यांतली कित्येक पोर्तुगीज गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली. जिला अरबांनी भारताचे नाव जोडून 'हिंदी खजूर' म्हटले ती चिंचदेखील मुळात आफ्रिकेची. मग काय, कोकणातल्या काजूच्या बागा तोडायच्या, की सोलकढीतली मिरची काढायची? एका वृक्षफेरीत एका आजींनी हाच प्रश्न विचारला आणि मार्गदर्शक तरुण गोंधळून हसला. त्याच्या पुस्तिकेत उत्तर नव्हते.

उत्तर आहे, आणि ते अवघडही नाही. बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती सारखी नसते. झेंडू शेताच्या बांधाआड राहतो. माणसाने पेरला तर उगवतो. घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ ही मात्र माणसाची वाट पाहत नाहीत. मोकळी जमीन दिसताच ती पसरतात आणि खालच्या गवताला, रोपट्यांना जागा उरू देत नाहीत. धोका या दुसऱ्या जातीचा आहे. आणि उलट बाजूने पाहिले तर, भारतात जन्मलेले सर्व काही सगळीकडे देशी ठरत नाही. देवदार हिमालयाचा आहे. तो वसईच्या वाडीत देशी कसा? सरकारी इमारतींपुढे रांगेने उभा असणारा उंच, निमुळता 'अशोक' हा दक्षिणेकडचा निराळाच वृक्ष. केशरी फुलांचा खरा सीतेचा अशोक त्याच्या सावलीत विसरला गेला. देशीपणा राष्ट्राच्या नकाशावर मोजायचा नसतो. डोंगर, नदी, खाडी, पावसाचे मान यांवर तो मोजायचा असतो. पुस्तिकांतून हे एका परिच्छेदात सांगता आले असते. सांगितलेले क्वचित आढळते.

देशी झाड का लावावे, याचे कारणही बहुतेक ठिकाणी अभिमानाच्या भाषेत दिलेले असते. अभिमान हे कारण पोकळ आहे. खरे कारण त्याहून फार सुंदर आहे. उंबर फोडला की आत किडे दिसतात म्हणून आपण नाक मुरडतो. पण उंबराची फुले त्या फळाच्या आतच असतात, आणि त्या इवल्या कीटकावाचून उंबराला बी धरत नाही. उंबरावाचून तो कीटक अंडी घालू शकत नाही. बहाव्याची कोवळी पाने खाऊन फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि त्या अळ्या टिपून पाखरे आपली पिले पोसतात. हजारो वर्षांच्या सहवासाने जुळलेली ही सोयरीक आहे. गुलमोहोर देखणा खरा, पण त्याचे असे आप्त येथे फार थोडे. ही गोष्ट जी पुस्तिका सांगते ती वाचकाला झाडापाशी थांबवते. जी नुसती उंची, घेर आणि औषधी उपयोग देते ती हातातून गळून पडते.

दुसरा दोष म्हणजे 'देशी वनस्पती' याचा अर्थ 'देशी वृक्ष' एवढाच धरला जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरचे कातळसडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात. हौशी मंडळी तेथे खड्डे खणून रोपे लावतात आणि छायाचित्रे काढून घेतात. वस्तुतः त्या कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळ्यात ज्या वनस्पती उगवतात त्यांतल्या काही जगात दुसरीकडे कोठे सापडत नाहीत. साताऱ्याचे कास पठार सह्याद्रीच्या इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाले, ते वृक्षांसाठी नव्हे, तर अशा वीतभर उंचीच्या फुलांसाठी त्याची ख्याती आहे. कारवीचेच पाहा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. आठ वर्षे ती नुसती झुडूप म्हणून उभी असते. त्या आठ वर्षांत कोणी 'पडीक जागा' म्हणून तेथे वृक्षारोपण केले तर देशी झाड लावून देशी वनस्पती मारल्याचे पातक पदरी पडेल. अशा ठिकाणी काही न लावणे हेच संवर्धन असते. हे वाक्य आम्हांला फार थोड्या पुस्तिकांत मिळाले.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत अधिक खटकला. तो भाषेचा आहे. विदेशी झाडांविषयी लिहिताना 'घुसखोर', 'परके', 'हाकलून द्या' असे शब्द सर्रास येतात. लेखकांच्या मनात वाईट काही नसेल. जोर आणण्यासाठी ते तसे लिहीत असतील. पण शब्द झाडापाशी थांबत नाहीत, ते माणसांपर्यंत पोचतात. ज्या समाजाला आपली भाषा, आपली शेती आणि आपली पिढ्यांची वस्ती दाखवूनही कधीमधी 'तुम्ही मूळचे कुठले?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, त्या समाजातील वाचकाला ही भाषा बोचल्यावाचून राहत नाही. रानमोडी उपटावी, तिचे कारण वनस्पतिशास्त्राने द्यावे, आणि तेवढ्यावर थांबावे. झाडांच्या कुळाचा नियम माणसांना लागू होत नाही. लागू केला, तर ज्यांनी खंडाळ्याचा डोंगर पायाखाली घालून तेथील वनस्पतींची नोंद करून ठेवली त्या फादर सांतापाव यांना आपण कोणत्या यादीत घालणार? माणूस एखाद्या भूमीचा होतो तो तिची ओळख करून घेऊन, तिची सेवा करून. त्याला दाखला लागत नाही.

येथे ओळखीचा, म्हणजेच नावाचा प्रश्न येतो. पुस्तिकांत लॅटिन नाव नेमाने असते आणि ते असावेच. त्यावाचून घोटाळे होतात. मराठी नाव मात्र कोशातून उचललेले असते. गाव बदलले की नाव बदलते. एका ठिकाणची फोडशी दुसऱ्या ठिकाणी कुलूची भाजी होते. घाणेरीला कोणी टणटणी म्हणतात. ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत त्यांना विचारायला किती जण जातात? काही वर्षांपूर्वी एका रानभाजी प्रदर्शनात आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. एक आदिवासी वृद्धा शेवळांच्या जुड्या घेऊन बसली होती. शेजारच्या टेबलावर मंडळाची पुस्तिका विक्रीस होती. तीत शेवळाचे लॅटिन नाव होते, छायाचित्र होते, पाककृतीही होती. एका तरुण गृहिणीने पुस्तिका घेतली आणि मग जुडी उचलली. वृद्धा तिचा हात धरून म्हणाली, "बाय, काकड घातल्याबिगर शिजवू नको. गळा खाजवेल." आणि तिने जुडीबरोबर मूठभर काकडाची हिरवी फळे तिच्या पिशवीत टाकली. शेवळात घशाला खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सोसवावे म्हणून आंबट काकड घालायचा, ही जाण त्या बाईची. आम्ही पुस्तिका उघडून पाहिली. पाककृतीत काकड नव्हता. आणि पुस्तिकेच्या ऋणनिर्देशात, जेथे छपाईदारापासून प्रायोजकांपर्यंत सर्वांचे आभार मानले होते, तेथे त्या बाईसारख्या कोणाचेच नाव नव्हते.

या एका गाळलेल्या फळात आमची सारी टीका सामावली आहे. ज्ञान जेथून आले तेथपर्यंत लेखक गेला नाही की लेखन नुसते अपुरे राहत नाही, ते अपाय करते.

मराठीला हे जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्यापाशी उत्तम आदर्श आहेत. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ सालचे. एकेका महिन्याला एकेक लेख देऊन त्यांनी मराठी वाचकाला झाडाकडे काळाच्या अंगाने पाहायला शिकवले. झाड म्हणजे एक उभी वस्तू नसून वर्षभर घडत राहणारी घटना आहे, हे त्यांच्या लेखनातून कळते. आमच्या पुस्तिकाकारांनी त्यांच्यापासून एवढे जरी घेतले, की प्रत्येक झाडाखाली 'चैत्रात कसे, भाद्रपदात कसे' अशा दोन ओळी लिहाव्यात, तरी ओळखीचे निम्मे काम होईल. कारण वाचकाला झाड फुलाविनाच अधिक वेळा भेटते. डॉ. शरदिनी डहाणूकर व्यवसायाने डॉक्टर. 'वृक्षगान' आणि 'फुलवा' यांतून त्यांनी झाडांशी गप्पा मारण्याची एक मोकळी, प्रसन्न रीत मराठीत आणली. संस्कृत काव्य व आयुर्वेद यांकडे त्यांचा ओढा मोठा. त्यामुळे ग्रंथांतले झाड तेथे जितके भेटते तितके रानातल्या माणसांचे झाड भेटत नाही, असे आम्हांस वाटते. ती उणीव मारुती चितमपल्ली यांनी भरून काढली. वनाधिकारी म्हणून हिंडताना त्यांनी रानातल्या माणसांपाशी बसून त्यांचे शब्द गोळा केले आणि मराठीच्या पदरात टाकले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, २०२५ साली पद्मश्री, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते गेले. नाव सांगणाऱ्या माणसाला लेखात जागा कशी द्यावी, हे त्यांच्याकडून शिकावे.

निसर्गमंडळांकडून आमची अपेक्षा मोठ्या साहित्याची नाही. सांतापाव यांचा काटेकोरपणा, दुर्गाबाईंची नजर, डहाणूकरांची गोडी आणि चितमपल्लींचे कान एका पुस्तिकेत मागणे हा अन्याय होईल. आम्ही तीनच गोष्टी मागतो. प्रत्येक वनस्पतीखाली तीन ओळी असाव्यात : या गावात तिला काय म्हणतात, ते कोणी सांगितले, आणि तिच्यावर कोण जगते. या तीन ओळी भरायच्या तर लेखकाला घराबाहेर पडावे लागेल, एखाद्या वृद्धेपाशी बसावे लागेल, आणि पानाखालची अळी वाकून पाहावी लागेल. पुस्तिका दोन वर्षे उशिरा निघेल. निघू द्यावी.

आणि वाचकहो, हे काम केवळ मंडळांचे नाही. आपल्या वसईच्या वाड्यांतून पूर्वी बावखलांच्या काठी जी झाडे होती त्यांची नावे ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसे अजून घराघरांत आहेत. कोणत्या झाडाचे लाकूड रहाटाला, कोणत्याचा पाला खताला, कोणत्याच्या सावलीत पानवेल नीट वाढते, हे त्यांना ठाऊक आहे. राजेळी केळ्यांची सुकेळी करणारे हात जसे कमी होत चालले, तसेच हे ज्ञानही ओसरत आहे. येत्या सुट्टीत मुलांच्या हाती एक वही द्यावी आणि त्यांना आजीआजोबांपाशी बसवावे. झाडाचे नाव, महिना आणि उपयोग, एवढेच लिहून घ्यावे. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. देशी झाडांच्या वाङ्मयातला पहिला खरा मजकूर अशाच एखाद्या वहीत मिळेल, आणि त्याची समीक्षा करण्याची पाळी आमच्यावर आली तर आम्ही ती आनंदाने करू.